दीड तासात ७५ प्रश्न की एकच? शिष्यवृत्तीचा क्लास आणि कोड्यांची वही

शिष्यवृत्ती परीक्षेचा भाषा-गणिताचा पेपर दीड तासाचा आणि प्रश्न ७५. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यातच गोल काळा करायचा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला एका दिवशी साडेचार तासांत तीन प्रश्न असतात. तोच दीड तास तिथं एका प्रश्नाच्या वाट्याला येतो आणि समोर कोरा कागद असतो. दोन्हीकडं असतं त्याला आपण गणितच म्हणतो. पाचवी-सातवीतल्या पोराला कुठं घालायचं असं विचारत पालक येतात तेव्हा मी आधी हे आकडे सांगतो. बाकीचा फरक यातूनच निघतो.

आधी क्लासबद्दल, कारण त्याला नावं ठेवायची हल्ली फॅशन आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा शिष्यवृत्तीतला दबदबा उगाच नाही. कागल, भुदरगड, राधानगरीकडं जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर जादा तास घेतात, तेव्हा कुठं पोरं गुणवत्ता यादीत येतात. कोल्हापूर शहरात राजारामपुरीतले खासगी क्लासही त्याच वाटेनं जातात, फी घेऊन. पाढे पक्के होतात, शेकडेवारी आणि नफा-तोटा हातात बसतो, घड्याळाची धास्ती जाते. हे कमी नाही.

उणीव दुसरीकडं आहे. ३५ चा वर्ग विचारा, पोरगं क्षणात १२२५ सांगतं. कसं? तीन गुणिले चार बारा, पुढं पंचवीस. बरं, ही युक्ती ३६ ला का चालत नाही? "सरांनी पाच असेल तरच करायची सांगितलंय." ७२ सेकंदांत यापुढं जायला कुणाला वेळ आहे?

दुसरा पर्याय नुसत्या कोड्यांचा. काडेपेटीच्या काड्या, सुडोकू, शिवाय व्हॉट्सॲपवर फिरणारी 'फक्त हुशार लोकच सोडवतील' छापाची चित्रं. मजा येते, गणिताचा धसका कमी होतो. पण वर्गात वीस पोरं असली की एक चुणचुणीत पोरगं उत्तर ओरडतं आणि उरलेल्या एकोणिसांचा विचार तिथंच थांबतो. ओरडणाऱ्याचंही नुकसानच होतं, कारण त्याला कुणी 'का' विचारत नाही. सुट्टीतल्या शिबिराला ठीक आहे, वर्षभर पैसे भरण्याइतकं त्यात काही नाही.

तिसरा पर्याय म्हणजे कोडं सोडवायचं आणि ते का सुटलं हे वहीत लिहायचं. ऐकायला हे अगदीच मामुली वाटतं, म्हणून एक कोडंच घेऊ.

अंधाऱ्या खोलीत कोल्हापुरी चपलांचा ढीग आहे. सगळ्या एकाच मापाच्या. तपकिरी सहा जोड, काळे चार जोड, सगळे सुटे होऊन मिसळलेले. न बघता कमीत कमी किती चपला उचलल्या म्हणजे एकाच रंगाचा घालण्याजोगा जोड नक्की मिळेल?

क्लासात तयार झालेली पोरं झटकन 'तीन' म्हणतात, कारण मोज्यांचं असंच एक गणित त्यांनी केलेलं असतं. मोज्याला डावा-उजवा नसतो, चपलेला असतो. हे ध्यानात आलं की हळूहळू 'अकरा'वर येतात. उत्तर बरोबर. नुसत्या कोड्यांच्या वर्गात इथं टाळ्या वाजतात आणि पुढचं कोडं येतं.

सातवीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं: "नशीब वाईट असेल तर दहाच्या दहा डाव्याच येतील. म्हणून अकरा." मी खाली लाल शाईनं एवढंच लिहिलं, "दहा डाव्या येणं हेच सगळ्यात वाईट कशावरून? सहा तपकिरी डाव्या आणि चार काळ्या उजव्या आल्या तर?" ती वैतागली. "सर, उत्तर तर अकराच येतंय की!" पुढच्या आठवड्यात वही आली: "समजा अकरा उचलल्या आणि तरी जोड जमला नाही. मग तपकिरी सगळ्या एकाच पायाच्या असणार, म्हणजे जास्तीत जास्त सहा. काळ्याही एकाच पायाच्या, म्हणजे जास्तीत जास्त चार. एकूण दहा. पण माझ्या हातात अकरा आहेत."

पहिल्या लिखाणात एक उदाहरण होतं. दुसऱ्यात कुठल्याही अकरा चपला घेतल्या तरी चालणारं कारण आहे. पुढं दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असं जे पाठ करावं लागतं, ते या मुलीनं कुणी न सांगता करून टाकलं. मी तरी वर्षाकाठी अशा चार-पाच वह्यांवर खूश असतो.

आता याचे तोटे, कारण तेही भरपूर आहेत. तपासायला वेळ फार लागतो, म्हणून दहा-बारापेक्षा जास्त मुलं घेणाऱ्याकडं जाऊ नका. अभ्यासक्रम पुढं सरकत नाही. "आज काय झालं?" विचाराल तर "एक कोडं, तेही अर्धं," असं उत्तर येईल. ज्याचे पाढे कच्चे आहेत तो चांगली कल्पना सुचूनही साती आठे किती यावर अडकतो. आणि सर फळ्यावर स्पष्टीकरण लिहून देत असतील, पोरं उतरवून घेत असतील, तर तो क्लासच झाला, नुसती पाटी बदललेली.

परीक्षा काही महिन्यांवर आली असेल तर सरळ क्लासला घाला, दोन्ही दगडांवर पाय नको. पाढे कच्चे असतील तरीही आधी तेच. तीन-चार वर्षं हातात असतील आणि पोरगं "का?" म्हणून पिडत असेल, तर वही. आठवीनंतर ऑलिम्पियाडचा विचार असेल तर दोन्ही लागतं: पहिल्या पायरीला, म्हणजे आयओक्यूएम या पात्रता परीक्षेला, तीन तासांत ३० प्रश्न आणि फक्त उत्तराचा आकडा, पुढच्या आरएमओ या प्रादेशिक फेरीला तेवढ्याच वेळात सहा प्रश्न, पण युक्तिवाद पूर्ण लिहून. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना वही मराठीत लिहू द्या. ज्या भाषेत ती भांडतात त्या भाषेत कारणं लवकर सुचतात.

फी परवडत नसेल तर घरी फळा लावा. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसचं. तिथं त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर त्यांच्यासाठी गणिताचं आव्हान लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत किंवा भाच्यानं हार मानेपर्यंत तसंच राही. मामांचं गणित पक्कं होतं, ही सोय सगळ्यांच्या घरी नसते हे खरं. पण लिहिलेलं वाचून "हे कशावरून?" एवढं विचारायला आई-वडिलांना गणित यायलाच हवं असं नाही.

कुठंही प्रवेश घेण्याआधी तिथल्या एखाद्या जुन्या मुलाची वही बघायला मागा. पानोपानी नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर काय समजायचं ते समजा. खाडाखोड, लाल शाईतले प्रश्न आणि त्याच कोड्याचं दुसऱ्यांदा केलेलं लिखाण सापडलं, तर फी विचारायला हरकत नाही.