बेळगावहून विवाह दाखल्याचं अपोस्टिल: एजंटची सेवा घ्यावी का?

अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं ते प्रमाणीकरण. एजंट घ्यावा, पण आधी दाखला कोणत्या राज्याचा ते बघा. सीमाभागात गोंधळ इथेच होतो. लग्नाची नोंद चंदगड किंवा गडहिंग्लजला झाली असेल तर कागद बेंगळुरूला पाठवून उपयोग नाही. दाखला देणाऱ्या राज्याचंच प्रमाणीकरण लागतं, म्हणजे मुंबई. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या उपनिबंधकांचा दाखला मात्र बेंगळुरूला. हे न विचारता पैसे घेणारा एजंट टाळाच.

राज्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. भारत 2005 पासून हेग करारात (एकमेकांचं अपोस्टिल मानणाऱ्या देशांचा करार) असल्याने सदस्य देशांना अपोस्टिल पुरतं. दुबईसाठी ते चालत नाही, कारण यूएई (दुबईचा देश) त्या करारात नाही. मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर यूएई दूतावासाचाही शिक्का लागतो. मंत्रालयाचं अपोस्टिल शुल्क एका कागदाला फक्त 50 रुपये, बाकी सगळा सेवाखर्च. म्हणून शुल्क आणि सेवाखर्च वेगळे लिहून मागा.

दाखला लॅमिनेट करू नका, स्टिकर-शिक्का बसत नाही. नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा: कन्नडमधून इंग्रजीत जाताना मराठी आडनावाचं स्पेलिंग हमखास बदलतं. दुरुस्ती उपनिबंधकांकडेच होते, एजंटकडे नाही. देवस्थानचं किंवा मंगल कार्यालयाचं पत्र नोंदणी दाखल्याऐवजी चालत नाही.