बोर्ड नवा घेतला, आता विंडोज जुनंच ठेवायचं की नव्यानं टाकायचं?

नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानात मदरबोर्ड बदलायला मशीन नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल." दुकानदाराच्या बाजूनं ते बरोबरच आहे. कोरं विंडोज टाकलं की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. पण आपल्या सी ड्राइव्हवर काय काय पडलंय हे त्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नसतं.

रस्ते तीन आहेत. जुनी डिस्क आहे तशी नव्या बोर्डाला लावायची, त्याच डिस्कवर सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं, किंवा नव्या एसएसडीवर नवं विंडोज घेऊन जुनी डिस्क शाबूत ठेवायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरच्या मशीनला तिसरा रस्ता, चालू धंद्याच्या मशीनला पहिला. दुसरा शक्यतो नकोच.

जुनं विंडोज नव्या बोर्डावर

विंडोज ७ च्या काळात हे करायला गेलं की निळा स्क्रीन यायचा. डिस्क कंट्रोलर (बोर्डावरचा डिस्क सांभाळणारा भाग) बदलला, त्याचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सुरू होतानाच लोड होत नाही, मग विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. 'फॉरमॅट मारावंच लागतं' हा समज तिथूनच आला. विंडोज १० आणि ११ याबाबतीत बरेच समजूतदार आहेत. पहिल्यांदा चालू करताना काळ्या स्क्रीनवर डिव्हाइस तयार करतोय असा मजकूर आणि टक्के दिसतात, मशीन एखाद-दोन वेळा रीस्टार्ट होतं, आणि मग तोच वॉलपेपर, तेच आयकॉन समोर येतात. इंटेलच्या प्रोसेसरवरून एएमडीच्या प्रोसेसरवर गेलात तरी सहसा चालतं. त्यानंतर नव्या बोर्डाचे चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) आणि लॅनचे (नेटवर्कचे) ड्रायव्हर टाकायचे, जुन्या बोर्डासोबत आलेली सॉफ्टवेअरं काढून टाकायची. लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, अशी गंमत होते.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीनं एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) डिस्कवर टाकलेलं असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर चालणारा असेल, तर तो त्या डिस्कवरून बूटच होत नाही, म्हणजे विंडोज सुरूच होत नाही. जुना बोर्ड चालू असतानाच सिस्टिम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड' ही ओळ बघा. तिथे लेगसी असेल तर विंडोज १० च्या २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून सोबतच येणारं एमबीआर२जीपीटी हे टूल डेटा न पुसता डिस्कची मांडणी एमबीआरवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटीवर बदलून देतं. पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि यूपीएस नसेल तर मे महिन्यातल्या वादळी संध्याकाळी तर मुळीच नाही. डिस्कचं पार्टिशन टेबल बदलत असताना लाइट गेली तर पुढचं सगळं नशिबावर.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. ते चालू असेल तर बोर्ड बदलताच मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, कारण कुलूप बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएमशी, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. आपण कधी चालूच केलं नव्हतं, असं म्हणून सोडून देऊ नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं नव्यानं सेटअप केलेल्या बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्या अकाउंटवर सापडते. बोर्ड बदलण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा.

लायसन्ससाठी फॉरमॅट लागतं असंही सांगतात. त्यात तथ्य नाही. ॲक्टिव्हेशन (विंडोज अधिकृत असल्याची नोंद) बोर्ड बघून ठरतं, त्यामुळे विंडोज जुनं ठेवा की नवं टाका, प्रश्न तोच राहतो. ओईएम लायसन्स (मशीनसोबतच आलेलं) जुन्या बोर्डासोबतच संपतं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. बोर्ड बदलण्याआधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं, की नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडायचा. अर्थात असेंबल मशीनवरचं विंडोज मुळात आलं कुठून, हे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही.

पुसून नव्यानं

याचा फायदा उघड आहे: मशीन हलकं होतं, वर्षानुवर्षांचा कचरा जातो. विंडोज अर्ध्या तासात बसतं. वेळ जातो तो नंतर, आणि तोटाही नंतरच कळतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स कॉपी केले म्हणजे झालं, असं वाटतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र त्या विंडोजमधल्या युजरच्या किल्लीनं बंद केलेले असतात. नुसतं प्रोफाइलचं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर ते उघडत नाहीत. आधी सिंक करा किंवा एक्सपोर्ट करून घ्या.

नागपूरच्याच इतवारीत लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्याला विचारा, तो फॉन्टचं नाव सांगेल. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली डी ड्राइव्हवर सुखरूप असतात, पण त्यात वापरलेले जुने नॉन-युनिकोड मराठी फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतात. फॉरमॅट झाल्यावर 'शुभविवाह' उघडावं तर समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फॉन्टचं फोल्डर कॉपी करायला एक मिनिट लागतं, पण ते आठवायला तर हवं ना.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिन्ही रस्त्यांवर एक काम सारखंच आहे. सिंगल युजर लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं, म्हणून आधी ते सरेंडर करा (टॅलीतूनच परत द्या), नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट. डेटाचा पाथही बघून घ्या, तो अनेकदा सी ड्राइव्हवरच असतो. मार्चअखेरीस बोर्ड उडाला असेल तर मात्र सरळ पहिला रस्ता धरा. प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, बिलाचा फॉर्मॅट हे सगळं पुन्हा बसवत बसायला तेव्हा कोणाला वेळ आहे?

दोन डिस्क

तिसऱ्या रस्त्याला खर्च एका एसएसडीचा. बदल्यात कोरं विंडोजही मिळतं आणि विसरलेलं फोल्डर महिन्याभरानं आठवलं तरी ते जागेवर असतं. यात एकच खबरदारी मोठी आहे: नवं विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर सेटअप कधीकधी बूट लोडर (विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) जुन्या डिस्कवरच टाकतो, आणि पुढे ती डिस्क काढली की नवं विंडोज सुरूच होत नाही. नंतर केबल जोडून जुन्या युजरचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं येतं. कंटिन्यू दाबा आणि थोडं थांबा, फायली जास्त असल्या की वेळ लागतो.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पहिला रस्ता घेणाऱ्यांनाही कधीतरी ११ वर जावंच लागेल. ११ ला लागणारे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) नव्या बोर्डावर असतातच, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या ११ च्या यादीत बसतो का तेवढं बघा. जुनं १० आधी नव्या बोर्डावर नीट चालू द्या, मग त्याच्या आतूनच ११ चा सेटअप चालवून फायली आणि ॲप्स ठेवण्याचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर हा पर्याय मिळत नाही. आणि अजून विंडोज ७ वरच असाल तर पहिला रस्ता विसरा. त्याचे ड्रायव्हर आजच्या बोर्डांसाठी निघतच नाहीत.