शैक्षणिक कर्जाचे २२ हप्ते भरल्यावर: कर्ज आणि पदवी, दोन्हींचा अनुभव

गेल्या आठवड्यात २२वा हप्ता खात्यातून गेला. एकूण १२० आहेत, म्हणजे पल्ला अजून लांब आहे. तरी आत्ताच लिहितेय. आपण सल्ला विचारतो तो एक तर नुकतं कर्ज मंजूर झालेल्यांना, नाहीतर सगळं फेडून मोकळे झालेल्यांना. मधल्या वर्षांत काय होतं, ते फारसं कानावर येत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर पदवीला चार, कर्जाला दोन. हे दोन आकडे वेगळे ठेवायला मला वर्ष लागलं. हप्ता गेला की राग पदवीवर निघायचा, आणि चुका तर मी कर्ज हाताळताना केल्या होत्या.

खरी रक्कम बाजूला ठेवते, सोयीसाठी १०० धरा. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी २५ उचलले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, हे ऐकून घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं. सरळव्याजानेही ते ३० झालं आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात जमा झालं. पहिलं स्टेटमेंट उघडलं तेव्हा मुद्दलाच्या रकान्यात १३० होते. चुकून दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलंय असं वाटून मी खाते क्रमांक दोनदा ताडून पाहिला.

१३० वर दहा वर्षांचा हप्ता साधारण १.७२ बसतो. पहिल्या हप्त्यातले १.०८ नुसत्या व्याजात गेले. नुसत्या ठरलेल्या हप्त्यांचा हिशेब धरला, तर आज २२ हप्त्यांत जवळपास ३८ भरून झाले आहेत आणि बाकी आहे ११५ च्या आसपास. म्हणजे उचलले त्याहून जास्त मी अजून देणं लागते. बाकी १०० च्या खाली यायला ४१वा हप्ता उजाडेल. हे आधी माहीत असतं तर पहिल्या वर्षी खचले नसते.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती शिकतानाच्या व्याजाची. पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज आजच्या हप्त्याच्या जेमतेम आठवा भाग होतं. मी तेव्हा शिकवण्या घेत होते, सहज भरता आलं असतं. चारही वर्षं आणि पुढचे सहा महिने व्याज भरत राहिले असते, तर एकूण २०६ ऐवजी १८९ च्या आसपास गेले असते. कर्ज घेणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचावं.

जादा पैसे भरतानाही फटका बसला. १२ हप्ते झाल्यावर एका हप्त्याएवढी रक्कम जास्तीची भरली. ती मुद्दलातून वजा होण्याऐवजी पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरली गेली. दोन ईमेल आणि एक लेखी अर्ज झाल्यावर दुरुस्ती झाली. आता दरवेळी स्पष्ट लिहिते: रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. तेव्हाच्या त्या एका हप्त्याने शेवटचे जवळपास अडीच हप्ते गळतात.

मध्ये तीन महिने नोकरी नव्हती. नववा, दहावा आणि अकरावा हप्ता साठवलेल्या पैशातून गेला. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशी योजना आहे की उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे गेलं तरच परतफेड सुरू होते आणि ती करासोबत कापली जाते. त्या तीन महिन्यांत मला तिचं मोल कळलं.

आता पदवीबद्दल. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या मते शिक्षण म्हणजे माणसाच्या कौशल्यात केलेली गुंतवणूक. दुसरे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू मांडली: पदवी ही नोकरी देणाऱ्याला दिसणारी खूण असते, कौशल्य वाढो न वाढो, उमेदवाराची कुवत त्यातून जोखली जाते. दोघांनाही नोबेल मिळालं. माझ्या बाबतीत मुलाखतीचं दार त्या खुणेने उघडलं, हे मान्य करते. पण दुसऱ्या वर्षी एका सरांनी माझा प्रयोगाचा अहवाल परत दिला होता. एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी लिहिलं होतं, ‘हे मोजलंस की मानलंस?’ तो आकडा मी मानला होता. आज रोजच्या कामात कुठलाही तक्ता समोर आला की आधी तोच प्रश्न विचारते, आणि त्यासाठीच मला कामावर ठेवलंय असं वाटतं.

तरीही प्रत्येकाने कर्ज काढावं असं मी म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीला घरच्या आजारपणामुळे तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडावं लागलं. तिच्याकडे पदवी नाही आणि तीन वर्षांचं कर्ज मात्र आहे. पदवीधरांचे सरासरी पगार दाखवले जातात तेव्हा ती त्यांत कुठेच नसते. म्हणून फीच्या आधी मी विचारेन, किती जण अभ्यासक्रम पुरा करतात? आणि खर्चात फीबरोबर त्या वर्षांत न कमावलेला पगारही धरेन.

धाकटा भाऊ सध्या प्रवेशाचे अर्ज भरतोय. त्याचं कर्ज मंजूर झालं, तर पहिल्या महिन्यापासूनचं व्याज मी भरणार आहे. माझे जादा हप्ते तेवढा काळ थांबतील.