पाटी 1947 ची, यंत्र दुसरंच: जुना फर्ग्युसन घेताना झालेली माझी फसवणूक

आमच्या आजोबांकडे करड्या रंगाचा एक छोटा फर्ग्युसन ट्रॅक्टर होता. तो मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीच विकला गेला. पण वडील त्याच्याबद्दल इतकं सांगायचे की पोरवयात मला तो घरातल्या माणसासारखाच वाटायचा. स्टार्टरला वेगळं बटण नव्हतं, गिअरचा दांडाच 'एस'वर नेला की इंजिन फिरायला लागायचं, हे वडील हाताने करून दाखवत. ते गेले, आणि दोन वर्षांनी मी ठरवलं की तसाच एक शोधून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा करायचा. फसायला माणूस असाच तयार होतो, हे आता लिहिताना कळतंय. विकणाऱ्याशी पहिल्याच फोनवर मी ही सगळी गोष्ट बोलून गेलो होतो.

ट्रॅक्टर पुण्याजवळच्या एका शेडमध्ये होता. रंग ताजा, टायर नवे, डॅशवर चकचकीत पाटी: टीई-20 आणि पुढे अठरा हजारांतला क्रमांक. विकणारा म्हणाला, "दादा, 1947 चा आहे, अगदी पहिल्या मालिकेतला. कॉन्टिनेंटल इंजिन. असा महाराष्ट्रात दुसरा दाखवा." मी घरून वाचून गेलो होतो, तेच माझ्या अंगाशी आलं. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात 1946 ला हे ट्रॅक्टर सुरू झाले, सुरुवातीला अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन लागायचं, आणि 1947 अखेरपर्यंतचे क्रमांक साधारण एकवीस हजारांच्या आत आहेत, हे मला माहीत होतं. पाटीवरचा आकडा त्यात बसला आणि माझं समाधान झालं. क्रमांक ज्याने ठोकला, त्यानेही हेच वाचलेलं असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चार लाख वीस हजारांना सौदा ठरला. पन्नास हजार इसार तिथेच दिला. आरसी बुकाचं विचारलं तर "जुन्या मालकाकडे हरवलंय, प्रतिज्ञापत्र करून देतो" असं उत्तर मिळालं. बोनेट त्याने स्वतः उघडून दाखवलं. टाकीला दोन झाकणं होती, एक मोठं आणि एक लहान. मी विचारलं, हे काय? "ते रिझर्व्ह पेट्रोलचं." पेट्रोलच्या फर्ग्युसनला रिझर्व्ह असतं खरं, पण ते टाकीखालच्या तोटीने घेतात, त्यासाठी वेगळं झाकण नसतं. एवढं त्या दिवशी माहीत असतं तर मी इसार परत मागितला असता.

गाडी गावी आली. सुरू व्हायची, पण धूर फार आणि पाण्यात तेल दिसायला लागलं. आमच्या मेस्त्रींनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडायचं ठरवलं. हात घालण्याआधी ते म्हणाले, "पुस्तक मागवा. मी डिझेलचा माणूस, याचे बोल्ट किती आवळायचे ते पुस्तकात बघूनच करू." म्हणून मी मॅन्युअल शोधायला लागलो, आणि इथे दुसऱ्यांदा फसलो.

'1947 चं मूळ वर्कशॉप मॅन्युअल, दुर्मिळ' असं सांगून एकाने साडेसहा हजार आगाऊ घेतले. पार्सल यायचं होतं, आली ती एक लिंक. दीडशे पानांचं स्कॅन, पहिली पानं गायब. मेस्त्रींनी मोबाइलवर चार पानं सरकवली आणि म्हणाले, "साहेब, यात तीनच गिअर पुढचे आहेत. आपल्याला चार आहेत. आणि याचे व्हॉल्व्ह ब्लॉकात बाजूला आहेत, आपले वर हेडमध्ये." ते पुस्तक फोर्डच्या 9-एनचं होतं. हॅरी फर्ग्युसनने हेन्री फोर्डबरोबर 1939 ला काढलेला तो ट्रॅक्टर. तोही करडा, तोही बुटका, मागे अवजारं जोडायची तीच तीन बिंदूंची जोडणी. फोटोत दोघांत फरक करणं नवख्याला कठीण जातं. फर्ग्युसनचं बोनेट पुढच्या जाळीसकट पुढे कलंडतं, फोर्डचं तसं कलंडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, फोन करून विचारता येतो. ज्याने पुस्तक विकलं त्याने पुढे फोन उचलला नाही.

दरम्यान मी पाटीवर विसंबून इंग्लंडहून कॉन्टिनेंटल इंजिनाचा गास्केट सेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकसारख्या जोडांमध्ये बसणाऱ्या पट्ट्या, मागवला होता. कस्टमसकट एकोणीस हजारांना पडला. हेड उघडलं, नवं गास्केट ब्लॉकवर ठेवलं, तर पाण्याची छिद्रं कुठेच जुळेनात. मेस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी व्हर्निअर आणलं आणि लायनरचा, म्हणजे सिलिंडरमधल्या नळीचा, आतला व्यास मोजला: 85 मिलिमीटर. माझ्या डोळ्यांसमोर सगळं फिरलं. कॉन्टिनेंटलचा बोर, म्हणजे हाच व्यास, सुमारे 81. हे स्टँडर्ड मोटर कंपनीचं इंजिन होतं, आणि त्यातही 1947 ला स्टँडर्डचं जे नवं इंजिन आलं त्याचा बोर 80 होता. 85 चं नंतर आलं.

मग आम्ही दिवसभर बसून तो ट्रॅक्टर नव्याने ओळखला. टीईनंतरचं अक्षर इंजिन सांगतं. नुसतं टीई म्हणजे कॉन्टिनेंटल पेट्रोल, टीईए म्हणजे स्टँडर्ड पेट्रोल, टीईडी म्हणजे टीव्हीओ, म्हणजे ट्रॅक्टरसाठीचं रॉकेलसारखं तेल, टीईएफ डिझेल, टीईएच दिव्याच्या रॉकेलवरचा. लहान झाकणाचा उलगडा तिथेच झाला. ते रिझर्व्ह नव्हतं, टाकीचा वेगळा कप्पा होता: थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की मोठ्या कप्प्यातल्या तेलावर न्यायचं. तेल वाफ होऊन आत जावं म्हणून मॅनिफोल्डलाही, म्हणजे इंजिनात इंधन-हवा नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या भागालाही, वेगळी रचना असते. आमच्या गाडीची ती अर्धी काढून टाकलेली होती, पण बोल्टांच्या जागा होत्या. वडील म्हणायचे, "आबा सकाळी पेट्रोलवर चालू करायचे आणि बांधावर पोचेस्तोवर रॉकेलवर न्यायचे." म्हणजे आजोबांचा फर्ग्युसनही याच जातीचा. हे मला कुणी खरं सांगून विकलं असतं तर मी आनंदाने घेतला असता. या गोष्टीचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

पाटी काढून पाहिली. मागे एक कणही गंज नाही, आणि खालच्या पत्र्यावर जुन्या पाटीची थोडी निराळ्या मापाची सावली. कोऱ्या नकली पाट्या इंग्लंडमध्ये उघड विकत मिळतात. प्रामाणिक माणसं झिजलेल्या पाटीच्या जागी स्वतःचाच क्रमांक ठोकून लावतात, त्यात गैर काही नाही. इथे मात्र क्रमांकच दुसरा ठोकला होता. त्यामुळे आरसीचा प्रश्न कायमचा अडकला. ज्या गाडीचा मूळ क्रमांक कुणालाच ठाऊक नाही, ती माझ्या नावावर कशी होणार?

तुम्ही असा ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा पाटीचा फोटो सगळ्यात शेवटी काढा. आधी ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक, टाकीची झाकणं, मॅनिफोल्डच्या दोन्ही बाजू, कलंडलेलं बोनेट, गिअरच्या दांड्याभोवतीच्या खुणा. विकणारा रंग खरवडू देत नसेल तर उठून या. कागद नसतील तर तो ट्रॅक्टर शोभेचा म्हणूनच मोजा आणि किंमतही तशीच द्या. टीई-20 चे पाच लाख सतरा हजारांवर ट्रॅक्टर 1956 पर्यंत बनले. "दुसरा दाखवा" म्हणणाऱ्याला घाबरू नका, दुसरा मिळतो.

मॅन्युअल मागताना आधी विचारा की कुठलं. चालकासाठीची पुस्तिका वेगळी, तिच्यात तेल कुठे घालायचं एवढंच असतं. दुरुस्तीचं वर्कशॉप मॅन्युअल वेगळं, आणि सुट्या भागांचा कॅटलॉग आणखी वेगळा. मला वर्कशॉप मॅन्युअल हवं होतं. पैसे देण्याआधी मुखपृष्ठाचा, अनुक्रमणिकेचा आणि इंजिनाचा बोर लिहिलेल्या पानाचा फोटो मागा. तो बोर तुमच्या लायनरशी जुळला तरच पुढे बोला. 'मूळ' प्रतीचा हट्टही सोडा. पुनर्मुद्रित प्रती स्वस्तात मिळतात आणि मेस्त्रीच्या तेलकट हातांना त्याच बऱ्या.

मी पोलिसांत अर्ज दिला आहे. व्यवहाराचं लेखी काहीच नसल्याने तिथे मला सांगितलं की इसाराची पावती तरी हवी होती. उरलेले पैसे मी रोख दिले होते.

योग्य पुस्तक मागच्या महिन्यात आलं. टीईडीचं गास्केट बसलं, मॅनिफोल्डचा उरलेला भाग मेस्त्री शोधतायत. तोवर तो पेट्रोलवरच चालतो. खोटी पाटी मी परत लावलेली नाही. त्या जागी चार भोकं आहेत, ती तशीच ठेवणार आहे.