पिकअपचा एसी आणि अण्णांची बिडी

आमची पिकअप २०११ ची, बिनएसीची. मृगबहाराची मोसंबी भरून एप्रिल-मे महिन्यात अंबडहून निघालं की समोरून इंजिनची धग, वरून तापलेला पत्रा आणि खिडकीतून झळा. हिशेबाला अण्णा सोबत असतात. मागच्या उन्हाळ्यात गेवराईजवळ त्यांना चक्कर आली, आणि यंदा काहीही होवो, एसी बसवायचाच असं मी ठरवलं.

जिल्ह्याच्या गावी दोन दुकानांत विचारलं. एकाने पंचावन्न हजार सांगितले, दुसऱ्याने छत्तीस. दुसरा म्हणाला, "नवीन किट आहे मालक, डब्यातलं. बिल पाहिजे तर जीएसटी लागेल, नाहीतर चिठ्ठी देतो." मी चिठ्ठी घेतली. कर वाचवला म्हणून मनात खूषही झालो. फसवणाऱ्याने फसवलंच, पण त्याला वाट मीच करून दिली.

सकाळी गाडी लावली. "दुपारपर्यंत होईल" म्हणाला, मग चार वाजता, मग सहा. शेवटी साडेसातला, ऊन उतरल्यावर, रिकाम्या गाडीत, शेडखाली उभं राहून त्याने एसी चालू केला. पाच मिनिटांत हात गार पडले. अण्णा हसले. आता कळतं, तो उशीर मुद्दाम होता. संध्याकाळच्या हवेत, रिकाम्या गाडीत जुनी मशीनही थंडी देऊ शकते. खरी परीक्षा भर दुपारी, माल भरून, चढावर होते.

तशी ती तेराव्या दिवशी झाली. सोलापूरचा माल होता. बीड मागे टाकून मांजरसुंबा घाटाला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. कंडेन्सरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या तोंडावर बसते, म्हणजे रेडिएटरला गरम हवा मिळते. म्हणून जाळीला वेगळा पंखा द्यावा लागतो. आमच्याकडे पंखाच नव्हता. एसी बंद केला तेवढ्यात रबर जळाल्याचा वास, मग धूर. एसीचा गॅस दाबणारा कंप्रेसर जाम झाला होता आणि पट्टा त्यावर घासत होता. कंप्रेसरचा पट्टा वेगळा होता म्हणून निभावलं. तोच पट्टा इंजिनला थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचाही असता तर मोसंबी घाटातच सडली असती. विळ्याने पट्टा कापला, काचा खाली केल्या आणि कसंबसं सोलापूर गाठलं.

परतताना बीडला रस्त्याकडेला एका जुन्या मिस्त्रीकडे थांबलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडलं, कंप्रेसरवर नख मारलं, काळा रंग निघाला. खाली गंज. नंबरची पट्टी घासून काढलेली. मग पाइप सैल केला आणि झटकन मागे सरकले. "भैय्या, ये तो घर के सिलेंडर का गॅस है." वास मलाही आला, स्वयंपाकघरातलाच.

इथं जरा थांबून सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. तो उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, त्याला वास जवळजवळ नसतो आणि तो सहजासहजी पेट घेत नाही. स्वयंपाकाचा गॅसही त्याच मशीनमध्ये चालतो, थंडीही चांगली देतो आणि स्वस्त पडतो. म्हणूनच दुकानात गारवा खरा वाटला. पण हवा गार करणारी कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर गॅस थेट केबिनमध्ये. आणि आमचे अण्णा काचा लावून, एसी चालू असताना, अंबडपासून बीडपर्यंत बिड्या ओढत आले होते.

चाचांनी पुढं दाखवलं ते बघून मी बोनेटला टेकलोच. गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर जुनाच होता, आत ओल गेलेली. ओलीने तेल बिघडतं आणि तेल बिघडलं की कंप्रेसर आतून खातो. तेलात धातूचा कीस आला होता. केबिनमध्ये हवा फेकणाऱ्या ब्लोअरची वायर बॅटरीवरून थेट ओढलेली, ना रिले, ना फ्यूज. व्हॅक्यूम ओढलं होतं का, विचारलं त्यांनी. मला ते काय असतं हेच माहीत नव्हतं. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल किमान अर्धा तास ओढून काढायची आणि गेजचा काटा तिथंच टिकतो का ते बघायचं. काटा सरकला तर कुठंतरी गळती आहे. माझ्यासमोर असा कुठलाच पंप चालला नव्हता. मी तर चहाला गेलो होतो.

तुम्ही बसवणार असाल तर चहाला जाऊ नका. डबा समोर फोडायला लावा, कंप्रेसरच्या नंबरचा फोटो काढा, नव्या ड्रायरची टोपणं तुमच्या डोळ्यादेखत निघू द्या, गॅसच्या डब्यावरचं नाव वाचा. आणि गाडी दुपारी ताब्यात घ्या.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही घाटात रगडली, त्याला मी काय करू?" नंतर फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. गाडी धंद्याची, तुमची तक्रार चालणार नाही, असं एकाने घाबरवलं होतं. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्यात सवलत आहे. अडचण पुराव्याची. चिठ्ठीवर नुसतं 'एसी काम ३६०००', ना सही, ना शिक्का. वीस हजार फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद सापडली. आणि एक त्याचाच व्हॉइस मेसेज, गाडी लावायच्या आदल्या रात्रीचा: "वर्षभर बोनेट उघडायचं काम नाही मालक, माझी गॅरंटी."