हिंज दुरुस्तीला दिला आणि प्रोसेसर 'बसला'

इंदुरात लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी हे वाचा. विशेषतः माझ्यासारख्या घरी बसून हिशेबाची कामं करणाऱ्यांनी. टॅली आणि जीएसटीचं पोर्टल यापलीकडे आपलं लॅपटॉपशी देणंघेणं नसतं, आणि हे दुकानदाराला पहिल्या दोन वाक्यांतच कळतं.

झाकणाचा हिंज, म्हणजे बिजागरी, तुटला होता, म्हणून कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानात लॅपटॉप दिला. काउंटरवरच्या मुलाने पासवर्ड मागितला. "टेस्टिंग के लिए लगेगा, भाभीजी." हिंज बदलायला पासवर्ड कशाला लागतो? झाकण उघडतं-मिटतं की नाही हे बघायला विंडोजच्या आत शिरावं लागत नाही.

घरी आणला तर झाकण झकास, पण मशीन पार आजारी. टॅलीत व्हाउचर उघडायला वेळ, क्रोममध्ये टाइप केलेली अक्षरं मागाहून उमटायची. त्यात ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायची २० तारीख तोंडावर आलेली. पुन्हा दुकान गाठलं. मालकाने दोन-चार बटणं दाबली, मान हलवली आणि म्हणाला, "प्रोसेसर बैठ गया है. रीबॉल करना पड़ेगा, नहीं तो पूरा बोर्ड जाएगा." खर्च ५,५०० रुपये. लॅपटॉप परत मिळाला तेव्हा तो पूर्वीसारखा पळत होता, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. बिलावर ठसठशीत लिहिलेलं: चिप रीबॉलिंग.

गणपतीत भाचा आला. तो हार्डवेअरच्याच कामात आहे. बिल बघून त्याने मागचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "मावशी, हे बघ." पंख्यावर धुळीचा गालिचा तसाच. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा हीटसिंक काढला तर दोघांच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. रीबॉलिंग म्हणजे चिप तापवून बोर्डवरून उचलायची, खालचे झाळकामाचे बारीक गोळे नवे बसवायचे आणि पुन्हा चिकटवायची. हीटसिंक न काढता हे होणं शक्यच नाही, आणि काढला की पेस्ट नवी लावावीच लागते. शिवाय ते गोळे निखळले तर मशीन सुरूच होत नाही, किंवा मध्येच अडकतं. इतक्या शिस्तीत, सगळीकडे सारखं मंद चालत नाही.

मग त्याने कंट्रोल पॅनेलमधले पॉवर ऑप्शन्स उघडले. मशीनने किती वीज खायची आणि किती वेगाने चालायचं याचे प्लॅन तिथे असतात. नेहमीच्या 'बॅलन्स्ड'च्या खाली आणखी एक नाव होतं: 'माय कस्टम प्लॅन १'. नवा प्लॅन बनवताना काही नाव दिलं नाही तर विंडोज स्वतःच हे नाव ठेवतं. मी तो बनवलेला नव्हता. त्याच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट', त्यात 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट', म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा, आणि तिथे आकडा ४५ टक्के. बॅटरीवरही, चार्जर लावल्यावरही. एरवी हा आकडा १०० असतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू हा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, आणि काम वाढलं की टर्बोमुळे तो ३.४ पर्यंत चढतो. भाच्याने तो प्लॅन चालू करून टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब दाखवला. टॅली उघडलं, क्रोम उघडलं, तरी वेगाचा आकडा ०.७ च्या आसपासच घुटमळत राहिला. पंख्याचा आवाज नाही, तळ थंडगार. खरं तर तिथेच पाणी मुरत होतं. प्रोसेसर तापून वेग कमी करतो तेव्हा पंखा घोंघावतो आणि मांडीवर चटका बसतो. गार राहून रांगणाऱ्या मशीनला कुणीतरी लगाम घातलेला असू शकतो.

एवढ्यावर दुकानदार "आपनेही किया होगा" म्हणाला असता. म्हणून भाच्याने इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टम लॉग, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, काढला. पॉवर प्लॅन बदलला की तिथे 'यूजर मोड पॉवर सर्व्हिस' या नावाने १२ क्रमांकाची नोंद पडते, तारीख-वेळेसह. एक नोंद लॅपटॉप हिंजसाठी दुकानात होता त्या दुपारची, दुसरी रीबॉलिंगच्या दिवशीची. म्हणजे आधी लगाम घातला, मग पैसे घेऊन काढला. दोन्ही पावत्या शेजारी ठेवून आम्ही फोटो काढले. आधी फोटो, मग दुरुस्ती, हा क्रम सोडू नका. पॉवर सेटिंग पूर्ववत करणारी एक कमांड यूट्यूबवर सर्रास सांगतात, ती असे जादाचे प्लॅन पुसूनच टाकते. म्हणजे आपल्याच हाताने पुरावा साफ.

प्रत्येक मंद लॅपटॉपमागे चोर असतो असं नाही, हेही सांगते. डेलच्या लॅपटॉपला चार्जर ओळखता आला नाही तर तो स्वतःहून वेग खाली आणतो. तिथे दोष चार्जरचा किंवा त्याच्या पिनचा. आणि 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' हे सेटिंग कामाचंही आहे. ९९ टक्के ठेवलं की टर्बो बंद होतो आणि मे महिन्यात लॅपटॉप कमी तापतो. मी उन्हाळ्यात आता तसंच ठेवणार आहे. काही नव्या लॅपटॉपवर मात्र ही ओळ दिसतच नाही.

फोटो घेऊन दुकानात गेलो. मालक आधी म्हणाला, "बैटरी बचाने के लिए लगाया था." मग बदलल्याचं बिलावर का नाही, आणि रीबॉल काय केलंत, असं भाच्याने विचारल्यावर आवाज खाली आला. ३,००० रुपये गल्ल्यातून काढून पुढे केले आणि वर बिल परत मागितलं. बिल दिलं नाही, पैसेही घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तुमच्या जुन्या बिलांवर 'रीबॉलिंग' लिहिलेलं असेल तर एकदा ते पॉवर ऑप्शन्स उघडून बघा, आणि प्लॅन सापडला तर पुसू नका.