विजयदुर्गची भिंत, मालवणच्या पाण्यात

विजयदुर्ग किल्ल्याजवळ समुद्राखाली दगडी भिंत आहे, हे खरंच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून ती पाहिली आहे. लांबी सुमारे १२२ मीटर. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटत, असं सांगतात. हे सगळं मी पैसे भरायच्या आधी वाचलं होतं. म्हणजे अगदीच डोळे मिटून गेले नव्हते, तरी फसले.

जाहिरात मोबाइलवर दिसली. ‘बुडालेला शिवकालीन तट, रंगीत मासे, कासव हमखास. माणशी साडेतीन हजार, व्हिडिओ फुकट.’ मालवणात साधं स्कूबा, म्हणजे नळीतून हवा घेत पाण्याखाली उतरणं, याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतं, पण तट म्हटल्यावर मी विरघळले. नवरा, भाचा आणि मी, तिघांचे पाच हजार आगाऊ पाठवले. पैसे गेले ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. तिथेच थांबायला हवं होतं.

बोलावलं मालवणच्या धक्क्यावर. विजयदुर्ग तिथून गाडीने दोन तासांहून जास्त. मी विचारलं, तर एजंट हसून म्हणाला, “ताई, आज तिकडे परवानगी बंद आहे. पण तीच भिंत खालून इथपर्यंत येते.” आता लिहितानाही लाज वाटते, पण मी मान डोलावली. उरलेले पैसे होडीत बसायच्या आधीच घेतले.

दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नांगर टाकला. पाठीवर सिलिंडर नाही. तो होडीतच, आणि त्याला जोडलेली लांब नळी आमच्या तोंडात. फॉर्म नाही, दमा आहे का, सर्दी आहे का, एका शब्दाने विचारपूस नाही. भाच्याला सर्दी होती. नाक दाबून कानातला दाब सोडायचा, हे शिकवलं अर्ध्या मिनिटात. जेमतेम दीड पुरुष खोल गेल्यावर तो कान धरून तडफडायला लागला. सोबतच्या पोरानं त्याला लगेच, पण सावकाश वर आणलं. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, तो कामात पक्का होता. पण चुकून घाईत आणला असता तर?

मी खाली राहिले. मे अखेरचं पाणी, हातभरापलीकडे हिरवट धूर. बाटलीतून पावाचा चुरा सुटला आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाभोवती गोळा झाले. छान होतं, खोटं कशाला बोलू. मग परत खाली आलेल्या त्या पोरानं माझा हात धरून एका शेवाळलेल्या दगडावर ठेवला आणि अंगठा वर केला. हाच तो तट!

दुपारी खानावळीतल्या मावशींना हौसेनं सांगितलं, तर त्या हातातली वाटी तशीच धरून म्हणाल्या, “भिंत? ती थंय विजयदुर्गाक. हंय नुसतो खडप.”

भिंत खरी आहे का, ते मी शोधलं होतं. ती कुठे आहे, हे नकाशावर पाहायला दोन मिनिटं लागली असती. फसवणारा अर्धं खरंच सांगतो, आणि आपण नेमकं तेवढंच तपासतो.

पुढच्या वेळी जाईन ती दिवाळीनंतर, पाणी नितळ असताना. एजंट नको; तारकर्लीला सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, आधी तिथे चौकशी करेन. फॉर्म भरून घेत नाहीत तिथे होडीत पाय ठेवणार नाही.

व्हिडिओ चार दिवसांनी आला. निळंशार पाणी, कासव, आणि अंगठा दाखवणाऱ्या बाईच्या मनगटावर गोंदलेलं फुलपाखरू. माझ्या मनगटावर काहीच नाही. एजंटला तसं कळवलं, तर उत्तर आलं, “ताई, पाण्यात तसं दिसतं.” त्यानंतर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पावती विचारली. ती मी मागितलीच नव्हती.